‘इकडे चालतंय’ न मानणाऱ्या बाई

“इकडे तर चालतंय” हे वाक्य बाईंसमोर म्हणायची आमच्या सांगलीच्या ऑफिसात कोणाची छाती नव्हती. मी नवीन होते, मला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात म्हणून बसले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, “इकडे कोण वापरणार आहे? तू?”

बाई म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. पॉलिटेक्निकमध्ये वीसेक वर्षं फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन, पन्नाशीला टेकल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस, त्यात पाच माणसं. जावा तेव्हा नवी भाषा. मालकांच्या डोक्यात एक कल्पना बसली होती: प्रत्येक मशिनवर प्रोग्रॅम घालत हिंडायचं नाही, तो एकाच मशिनवर, म्हणजे सर्व्हरवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो ब्राउझरमध्ये पानासारखा उघडायचा. इंटरनेटची गरज नाही, इमारतीतल्या इमारतीत वायरी ओढल्या की झालं. शाळा आणि दवाखाने ही आमची गिऱ्हाइकं. प्रोग्रॅम सांगलीत लिहायचा, फ्लॉपीवर घ्यायचा, एसटीत बसायचं आणि जिथला तिथं नेऊन उतरवायचा.

घोळ व्हायचा तो तिथंच. सांगलीत नवा प्रोग्रॅम झकास चालायचा आणि तिकडे जुनाच समोर यायचा. आम्हाला ती कटकट वाटायची. बाईंना पर्वणी. “नवीन टाकलंय, पण दिसतंय जुनंच” असा फोन आला की त्यांचे कान लाल व्हायचे. खरोखरच लाल व्हायचे, मी पाहिलेत. मग त्या उठून टेबलाभोवती दोन फेऱ्या मारायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, “सापडणार, सापडणार.”

“मी बदललंय” हेही त्यांना चालत नसे. “कुठं बदललंस?” असं विचारून त्या पंजा उघडायच्या आणि एकेक बोट मिटत जायच्या. “तुझ्या मशिनवर बदललंस. ते फ्लॉपीवर गेलं का? फ्लॉपीवरनं त्यांच्या मशिनवर उतरलं का? उतरलेलं सर्व्हरनं वाचलं का, की सकाळी वाचलेलंच धरून बसलाय? आणि त्यानं नवं दिलं, तरी समोरच्या ब्राउझरनं कालचं पान काढून दाखवलं नाही कशावरून?” पाच बोटं मिटली की मूठ व्हायची. ती मूठ टेबलावर हलकेच आपटून त्या म्हणायच्या, “एवढं बघितल्यावर म्हण, बदललंय.”

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. प्रोग्रॅम नव्यानं पाठवताना पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्या एका भाजीचं नाव घालायच्या. मागच्या वेळी कारलं असेल, तर या वेळी दोडका. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. “फोनवर दोन-एकचं एक-दोन होतं,” त्या म्हणायच्या, “पण दोडक्याला कोणी भेंडी ऐकत नाही.” मग दिवसभर आमच्या माडीवर फोन चालायचे. “कोपऱ्यात काय दिसतंय? वांगं? नाही हो, वांगं मागच्या महिन्यातलं. आम्ही तुम्हाला गवार दिली आहे.” खालच्या सायकलवाल्यानं एकदा मला जिन्यात गाठून गंभीरपणे विचारलं, “ताई, तुमी वर भाजीचा ठोक धंदा करता व्हय?”

गिऱ्हाइकाकडे गेल्यावर बाई पहिला पाव तास मशिनला हात लावत नसत. हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या आणि तिथल्या माणसाला म्हणायच्या, “तुम्ही रोज जसं करता तसं करा. मी नाहीच असं समजा.” पाचगणीच्या एका निवासी शाळेत त्यांचं हे उभं राहणं मी पहिल्यांदा बघितलं. सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांची यादी आमच्या प्रोग्रॅमवर होती. सगळ्या शिक्षकांना नवी यादी दिसायची, फक्त ऑफिसमधल्या सेक्रेटरीबाईंना महिनाभरापूर्वीची. मी आधी दोनदा जाऊन आले होते. सर्व्हर बंद करून चालू केला, ब्राउझरनं साठवलेली पानं पुसली, काही फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला बाई आल्या. मागं हात बांधून उभ्या राहिल्या. सेक्रेटरीबाईंनी मशिन चालू केलं, देवाला नमस्कार केला आणि पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारली. यादी उघडली.

“हे चित्र कोणी ठेवलं इथं?” बाईंनी विचारलं.

“मीच. पहिल्या दिवशी पान इतकं छान दिसलं, मी सेव्ह करून ठेवलं. शोधायला नको रोज.”

म्हणजे त्या सर्व्हरकडे जातच नव्हत्या. महिनाभर त्या यादीचा फोटोच उघडत होत्या. मला हसू आवरेना. बाई मात्र त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, खरं पान कसं उघडायचं ते दोनदा दाखवलं आणि परतीच्या एसटीत घाट उतरेपर्यंत माझी हजेरी घेतली. “तू दोन वेळा आलीस आणि त्यांच्या खुर्चीत तूच बसलीस. त्या काय करतात ते बघितलंस का? चूक त्यांची नाही. आपण त्यांना कधी विचारलंच नाही.” बोलताना कान लालच होते. रागानं की आनंदानं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, आनंदानंच.

दोन बायका सर्व्हरच्या खोलीत शिरल्या की लोक हमखास विचारायचे, “इंजिनियर साहेब मागनं येतायत का?” बाई म्हणायच्या, “हो, येतील. तोवर आम्ही जरा बघतो.” आणि काम उरकून आम्ही निघालो तरी ते साहेबांची वाट बघत असायचे.

पण बाई म्हटलं की मला आठवतं ते साताऱ्याचं प्रकरण.

साताऱ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्याची रक्तपेढी होती. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते वॉर्डावॉर्डातल्या पडद्यांवर दिसावं म्हणून आम्ही प्रोग्रॅम केला होता. तिथं तंत्रज्ञ होते तांबोळीभाऊ. पंचेचाळिशीचे, सावळे, पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन पेनं. आमच्या प्रोग्रॅममधली एक मोठी चूक त्यांनीच आम्हाला कळवली होती: मुदत संपलेल्या पिशव्याही पडद्यावर शिल्लक म्हणून दिसतात. “ताई, रक्त काय लोणचं न्हाई,” ते फोनवर म्हणाले होते, “त्याला तारीख असती.” मी ती चूक सुधारली, सांगलीत तपासली, बाईंनी कोपऱ्यात दोडका घातला आणि मी साताऱ्याला जाऊन नवा प्रोग्रॅम उतरवून आले. पडद्यावर दोडका आला. मी निर्धास्त परतले.

पुढच्याच आठवड्यात बाई रजेवर असताना साताऱ्याहून व्यवस्थापकांचा फोन आला. प्रसूतीच्या वॉर्डात एका बाईला तातडीनं ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. पडद्यावर दोन पिशव्या दिसत होत्या, म्हणून नर्सनं नातेवाइकांना सांगितलं, रक्त आहे, काळजी नको. तांबोळीभाऊंनी फ्रीज उघडला तर दोन्ही पिशव्यांची मुदत तीन दिवसांपूर्वी संपलेली. मग धावाधाव झाली, कोरेगावहून रक्त देणारा माणूस आणला. आई आणि बाळ दोघं वाचली, पण दवाखाना हादरला.

आमच्या मालकांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “प्रोग्रॅम बरोबर आहे ना?”

मी तिथल्या तिथं माझ्या मशिनवर मुदत संपलेली पिशवी भरून बघितली. यादीत आली नाही. पुन्हा भरली. नाही आली. मी म्हणाले, “इकडे तर चालतंय.”

मालकांनी फोनमध्ये सांगितलं, “आमचं सगळं बरोबर आहे. तुमचा माणूस तारखा नीट भरत नसेल.”

दोन दिवसांनी बाई रजेवरून आल्या. मी डबा खाता खाता त्यांना सगळं सांगितलं आणि सहज पुढं जोडलं, “तांबोळीभाऊंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय म्हणे.”

बाईंचा घास हातातच राहिला. “कोणाच्या सांगण्यावरून?”



त्यांनी डबा बंद केला, पिशवीत फ्लॉप्या भरल्या आणि म्हणाल्या, “चल. साडेबाराची गाडी आहे.”

आम्हाला गाडी मिळाली. कराडपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पुढं उंब्रज आलं. उंब्रज माझं गाव. स्टँडवर गाडी थांबली की एरवी मी ओळखीचं कोणी दिसतं का म्हणून मान वळवायचे. त्या दिवशी वळवली नाही.

दवाखान्यात व्यवस्थापक कपाळाला आठ्या घालून भेटले. “पुन्हा तुम्हीच? अहो, माणसाचा दोष आहे, मशिनचा नाही, हे तुमच्याच मालकांनी सांगितलंय.”

“त्यांनी सांगलीतनं सांगितलंय,” बाई म्हणाल्या. “मी इथनं बघते. तासभर द्या.”

रक्तपेढीत तांबोळीभाऊंची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या जागी एक नर्स बसली होती. बाई हात पाठीमागं बांधून उभ्या राहिल्या. “पान उघडा. काय दिसतंय ते डावीकडून उजवीकडे वाचा.” नर्सनं वाचलं. गट, संख्या, पिशवीचे नंबर. “आणि कोपऱ्यात?”

“दोडका.”

“तारखांचं रजिस्टर आणा.” तांबोळीभाऊंच्या अक्षरातलं रजिस्टर आलं. पिशवी पिशवीची तारीख त्यांनी लिहिली होती आणि मशिनमध्येही तीच भरली होती. एकही चुकलेली नव्हती. त्यातल्या चार पिशव्यांची मुदत संपलेली होती आणि चारही पडद्यावर शिल्लक म्हणून झळकत होत्या.

बाईंचे कान लाल झाले.

“माणूस बरोबर आहे,” त्या माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या. “पान नवं आहे. पण पानाच्या मागं बसून जो यादी काढतो, तो जुना आहे. दोडक्यानं फसवलं आपल्याला. मी पाटी रंगवत बसले आणि दुकानात कोण बसलंय ते बघितलंच नाही.” स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग आम्ही सर्व्हरच्या खोलीत गेलो. सर्व्हर बंद करून चालू केला. यादी जुनीच. त्यानं स्वतःसाठी तयार करून ठेवलेल्या फायली पुसल्या. जुनीच. दुसऱ्या वॉर्डातल्या मशिनवर बघितलं. तिथंही तीच. फ्लॉपीवरची फाइल आणि सर्व्हरवरची फाइल यांची तारीख, वेळ, आकार ताडून बघितला. सगळं नवं, जिथल्या तिथं. मी घामाघूम झाले होते. बाईंचा उत्साह मात्र एकेक दार बंद होईल तसा वाढत होता.

“आता असं कर,” त्या म्हणाल्या. “यादी काढणारा आपला भाग सर्व्हरवरनं काढून टाक. सगळाच. पान राहू दे.”

“काढून? मग पानच मोडेल, बाई.”

“मोडायलाच हवं. मोडलं तर यादी काढणाऱ्याचं घर हेच. नाही मोडलं तर तो दुसरीकडेच राहतोय.”

मी ते फोल्डर उचलून बाजूला ठेवलं. सर्व्हर पुन्हा चालू केला. नर्सला हाक मारून पान उघडायला सांगितलं आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. पडद्यावर चूक यायला हवी होती.

यादी आली. चारही शिळ्या पिशव्यांसकट, व्यवस्थित, रांगेत.

बाईंनी माझा दंड धरला. “बघितलंस? घर रिकामं केलं, हाक मारली आणि आतनं ओ आली.” त्या म्हणाल्या. “याचं दुसरं घर आहे. या मशिनवरच कुठंतरी आहे. आता पळून कुठं जाणार?”

त्यांनी खुर्ची ओढली. जावा कुठली गोष्ट कुठल्या फोल्डरमधनं उचलते ते ओळीओळीनं छापायला लावता येतं. बाई ती आज्ञा टाइप करायला लागल्या. मी त्यांच्या मागं उभी राहून त्या काळ्या पडद्याकडे बघत होते.

मला आठवलं.

सहा महिन्यांपूर्वी मी एकटी इथं प्रोग्रॅम बसवायला आले होते. काही केल्या तो सुरू होईना. सर्व्हर म्हणायचा, तुमचा यादीचा भाग मला सापडत नाही. संध्याकाळची शेवटची सोयीची गाडी चुकेल म्हणून मी घायकुतीला आले होते. शेवटी मी सगळ्या प्रोग्रॅमचं गाठोडं जावाच्या स्वतःच्या घरात, तिच्या आतल्या फोल्डरमध्ये नेऊन टाकलं. तिथलं जावा सगळ्यांत आधी वाचते. प्रोग्रॅम धावायला लागला. मग खरी अडचणही सापडली, ती मी सुधारली, आणि ते गाठोडं काढायचं विसरून गाडी पकडायला पळाले. त्या दिवसापासून जावा ते जुनं गाठोडंच वाचत होती. बाहेर आम्ही कितीही नवं आणून ठेवलं तरी तिला त्याच्याकडे बघायची गरजच पडत नव्हती. सांगलीतल्या माझ्या मशिनवर तसलं गाठोडं नव्हतं. म्हणून इकडे चालत होतं.

काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या होत्या. मिनिटभरात त्या आतल्या फोल्डरचं नाव येणारच होतं. मी गप्प राहिले असते तर बाईंनीच ते शोधलं असतं, आणि ते तिथं कसं आलं हे बहुधा कोणाला कळलंही नसतं.

“बाई, थांबवा,” मी म्हणाले. “ते मी ठेवलंय.”

त्यांनी मान वळवली नाही. “कुठं?”

मी सांगितलं. त्यांनी फोल्डर उघडलं. गाठोडं तिथं होतं, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेचं. “काढ तूच,” म्हणून त्या खुर्चीवरून उठल्या.

मी ते काढलं आणि सर्व्हर चालू केला. पलीकडच्या खोलीतून नर्स ओरडली, “मॅडम, आता तर काहीच येत नाही, इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलंय.” माझे डोळे भरून आले. कुठल्याही चुकीचा निरोप ऐकून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग बाजूला ठेवलेला नवा भाग जागेवर ठेवला आणि पुन्हा एकदा चालू केला. यादी आली. चारही शिळ्या पिशव्या गेल्या होत्या. ओ निगेटिव्हपुढं शून्य होतं, आणि फ्रीजमध्येही ओ निगेटिव्ह शून्यच होतं.

बाई खोलीत फेऱ्या मारत होत्या. दोन नाही, चार-पाच मारल्या असतील. मग माझ्यासमोर थांबल्या. “व्यवस्थापकांना तू सांगतेस की मी सांगू?”

“मीच सांगते.”

व्यवस्थापकांसमोर मी उभ्यानंच सगळं बोलले. गाडी चुकेल म्हणून केलेली घाई, विसरलेली फाइल आणि सांगलीत बसून, इथलं न बघताच बोललेलं ते वाक्य. ते ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे तांबोळी सांगत होता ते खरं होतं.”

“शब्दन् शब्द,” बाई म्हणाल्या. “त्यांनी त्या दिवशी फ्रीज उघडून बघितला म्हणून ती पोरगी वाचली. आमच्या पडद्यावर विसंबले असते तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.”

“ठीक आहे. उद्या शिपायाबरोबर निरोप पाठवतो, कामावर या म्हणून.”

“उद्या कशाला? आरोप आमच्याकडनं गेला. निरोप आम्हीच नेतो. फक्त तुमच्या सहीचं पत्र द्या.”

पत्र टाइप होईपर्यंत बाई टायपिस्टच्या डोक्यावर उभ्या होत्या. मग आम्ही चालत निघालो. तांबोळीभाऊ घरी नव्हते. भावाच्या पानाच्या दुकानात होते, स्टँडजवळ. आम्ही पोचलो तेव्हा ते खाली मान घालून ओल्या फडक्यानं विड्याची पानं पुसत होते. आम्हाला बघून उठले. पांढऱ्या कोटाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते एकदम म्हातारे दिसले.

“आवं बाई, तुमी हिकडं?”

बाईंनी पत्र माझ्या हातात दिलं. मी ते त्यांना दिलं आणि म्हणाले, “भाऊ, चूक माझी होती. माझीच जुनी फाइल तिथं राहिली होती. तुम्ही भरलेली प्रत्येक तारीख बरोबर होती.”

त्यांचा भाऊ दुकानातून मोठ्यानं म्हणाला, “दोन दिस माणूस जेवला न्हाई नीट, आन आता म्हंतीस फाइल व्हती?” मला वर बघवेना. मला वाचवायला बाई मध्ये पडल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

तांबोळीभाऊंनी भावाला हातानं थांबवलं. पत्र वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. रागावतील किंवा रडतील.

“ताई,” ते म्हणाले, “आता यादी खरी दाखवतीया का?”

“हो. मी बघून आलेय.”

“तुमी बघितली. मी न्हाई बघितली अजून.”

त्यांनी हात पुसले, चपला घातल्या आणि आमच्या पुढं चालायला लागले. इतक्या भराभर की बाईंनाही धापा लागल्या. रक्तपेढीत गेल्यावर त्यांनी कोट चढवला, फ्रीजचं दार उघडलं आणि मला पडद्यासमोर बसवलं. “म्या नंबर सांगतो. तुमी ‘हाय’ म्हणा न्हाईतर ‘न्हाई’ म्हणा. दुसरं कायबी बोलायचं न्हाई.”

ते एकेक पिशवी हातात घेऊन नंबर वाचत गेले. मी हाय म्हणत गेले. बाई दोघांच्या मध्ये हात पाठीमागं बांधून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी वेगळ्या कप्प्यातली, मुदत संपलेली पिशवी बाहेर काढली, तिचा नंबर सावकाश, अक्षर अक्षर तोडून वाचला आणि थांबले.

मी वरपासून खालपर्यंत यादी पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

“न्हाई,” मी म्हणाले.

तांबोळीभाऊंनी फ्रीजचं दार लावलं. “आता कुनी इचारलं तर म्या पडद्याकडं बोट दाखवीन,” ते म्हणाले, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.